मी घरात असले की बंद पडणारा लॅपटॉप

आधीच सांगते, या सदरातले अमानवीय अनुभव मी जेवणानंतर बडीशेप खावी तसे वाचते. गंमत म्हणून. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी स्टोअर सांभाळायचे. तिथे मशीनला लिंबू-मिरची बांधलेली असायची, पण मशीन बंद पडलं की लिंबाकडे कुणी बघत नसे, बेअरिंग बघत. आणि नियम एकच होता: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, फरक पडतो का ते बघायचं. हाच नियम मी घरी लावला आणि जे उत्तर आलं, ते मला आजही पचलेलं नाही...

साल दोन हजार आठच्या आसपासचं. आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहत होतो. मी यांची दुसरी बायको. पहिली सुलभा, ती मुलगी ऋतुजा शाळेत असतानाच आजारपणात गेली. मी लग्न होऊन आले तेव्हा ऋतुजा कॉलेजात होती. ती मला काकू म्हणायची. वागायला चांगली, मी कामावरून आले की चहा हातात आणून द्यायची. पण काकू.

हॉलमध्ये सुलभाचा हार घातलेला फोटो. दारातली जास्वंद सुलभाने लावलेली, पडदे सुलभाच्या पसंतीचे. जिवंत सवत असती तर दोन शब्द सुनावता तरी आले असते. फोटोशी काय भांडणार?

ऋतुजा ॲनिमेशन शिकत होती. ते काम साध्या कॉम्प्युटरला झेपत नाही म्हणून यांनी तिला गेमिंग लॅपटॉप घेऊन दिला होता. पुण्यातल्या एका स्टुडिओत नोकरीसाठी स्वतः केलेली छोटी फिल्म सीडीवर पाठवायची होती. पन्हाळ्याच्या तटावरून केशरी साडीतली एक बाई चालत येते, वाऱ्याने तिचा पदर उडतो, एवढीच फिल्म. बाई कोण हे विचारायला नकोच. लॅपटॉपच्या वॉलपेपरवरही तीच होती. पन्हाळा, केशरी साडी आणि कडेवर छोटी ऋतुजा.

तोच लॅपटॉप बंद पडायला लागला. पदर हलू लागला की स्क्रीनभर हिरव्या-जांभळ्या उभ्या पट्ट्या, पंख्याची घरघर आणि सगळं ठप्प. कार रेसिंगचा गेम लावला तरी तेच. बटण दाबून धरायचं, परत चालू करायचं... आणि पहिलं दर्शन कुणाचं? सुलभाचं. हसऱ्या चेहऱ्याने.

मी पदर खोचला. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा टाकून बघितला, मग जुना. ब्लोअरने धूळ काढली. खाली दोन वाट्या ठेवून हवा खेळती केली. चार्जर बदलला, खोली बदलली. शेजारच्यांचा मॉनिटर जोडला, तर त्यावरही पट्ट्या. म्हणजे दोष स्क्रीनचा नव्हता. शेवटी दुरुस्तीवाल्याकडे नेला.

त्याने उघडून बघितला. "मॅडम, ग्राफिक्सची चिप गेलीय. ती बोर्डालाच चिकटलेली असती, सुटी बदलत न्हाय. नवा बोर्ड यायला महिना तरी लागंल."

"आणि तोवर?"

"तोवर ह्याच्यावर पत्ते खेळा की."

ऋतुजाची सीडी तर पुढच्याच आठवड्यात जायला हवी होती. इन्स्टिट्यूटचे कॉम्प्युटर तिच्या फाइलपुढे मान टाकत होते. रात्री जेवताना हे म्हणाले, "एक सांगू? रागावू नकोस. तू कामावर गेलीस की हा नीट चालतो."

ऋतुजाने ताटातून मान वर केली नाही. "काकू, मी सांगणार नव्हते तुम्हाला..."

"काहीतरीच," मी म्हणाले. पण नियम तो नियम. ड्रायव्हर झाला, चार्जर झाला, खोली झाली. आता बदलायची राहिलेली गोष्ट एकच होती. मी.

शनिवारी मी जयसिंगपूरला आक्कांकडे गेले. आक्का म्हणजे यांच्या थोरल्या बहीण. यजमान वारलेले, आवाज मात्र सगळ्या गल्लीला पुरेल असा.

"एकटीच आलीस व्हय? भांडलीस का काय?"

दुपारी यांचा फोन. "अगं, सकाळपासून पळतोय नुसता! एकदाही अडकला नाही!" यांच्या आवाजात इतका आनंद होता, की आक्कांनी दिलेला चहा मी तसाच निवू दिला. मी नाही म्हणून माझ्या घरात सगळं सुरळीत चाललं होतं. सगळा प्रकार आक्कांना सांगून टाकला.

आक्कांनी आवाज अगदी खाली आणला. त्यांच्या बाबतीत हीसुद्धा अमानवीय घटनाच. मग म्हणाल्या, "सोमवारी नवमी हाय. तुला नव्या बाईला कशाला तरास, म्हणून तिचा म्हाळ मीच हितं घालत आले. यंदा तिच्या घरात घालू."

नवरा जिवंत असताना गेलेल्या बाईच्या म्हाळाला, म्हणजे श्राद्धाला, पितृपंधरवड्यातल्या नवमीला एका सवाष्णीला जेवू घालतात. त्या दिवशी ती सवाष्ण म्हणजे गेलेलीच बाई, असं मानतात. हे मला माहीत होतं. पण 'तिच्या घरात'? घराचे हप्ते माझ्या पगारातून जात होते!

रविवारी आक्कांना घेऊन परतले. दारात चप्पल काढली आणि आतून ऋतुजाचा आवाज आला, "गेलं!" फिल्म तयार व्हायला दिवस-रात्र लागणार होती, ती निम्म्यात तुटली. ऋतुजाने डोळे पुसले. "तुमचा काही दोष नाही हो, काकू," ती म्हणाली. इतक्या नम्रपणे, की थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

मी ठरवलं, नवमीचा स्वयंपाक उरकून दोन दिवस मैत्रिणीकडे उचगावला जायचं. बॅग भरली. स्वतःच्या घरातून, एका फोटोपायी! सोमवारी खीर केली, वडे, कढी, गवारीची भाजी आणि सुलभाच्या आवडीच्या, दाणे-गुळाच्या शेंगपोळ्या. ऋतुजाने मला विचारून फिल्म पुन्हा सुरू केली. लॅपटॉप फोटोखालच्या स्टुलावर, मी स्वयंपाकघरात, मधलं दार लावलेलं.

ताट वाढायच्या वेळी निरोप आला. बोलावलेल्या सवाष्णीला सुतक पडलं होतं. ऐन पंधरवड्यात, भर दुपारी दुसरी कुठून आणणार? यजमान नसल्याने आक्कांना बसता येत नव्हतं.

"तू हाईस की सवाष्ण," आक्का म्हणाल्या. "बस पाटावर."

"मी? तिच्या जागी?"

"मग आजवर कुणाच्या जागी हाईस? बस, अन्न निवतंय."

मला इतकं लागलं ते... पण बसले. फोटोखाली, स्टुलाला लागून पाट. हे दारात उभे होते. सगळे लॅपटॉपकडे बघत होते, मीसुद्धा. ऋतुजाने मला हळद-कुंकू लावलं. पट्ट्या आल्या नाहीत. पंखा एका लयीत फिरत राहिला.

ती वाढायला वाकली. "आई, अजून एक पोळी वाढू तुला?"

मला ती कायम तुम्ही म्हणायची.

मी म्हणाले, "अर्धीच वाढ. आणि वाटीत दूध दे, कुस्करून खाते."

आक्कांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. यांनी आधी फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे. शेंगपोळी दुधात कुस्करून खायची सवय सुलभाची होती, असं यांनी मला नंतर सांगितलं. मला दुधाचा वाससुद्धा सहन होत नाही. लहानपणापासून. त्या दिवशी ती वाटी मी चाटून पुसून संपवली.

बॅग मी पुन्हा रिकामी केली. फिल्म दुसऱ्या दिवशी पूर्ण झाली, सीडी पुण्याला गेली, ऋतुजाला नोकरी लागली. लॅपटॉप मी परत दुरुस्तीवाल्याला दाखवला. त्याने दोनदा तपासला. "चिप तीच हाय मॅडम. ही चालायला नको." पण तो पुढे कित्येक वर्षं चालला, माझ्या डोळ्यांसमोर, एकदाही न अडकता.

कोणी म्हणेल, पाऊस सरला, हवा कोरडी झाली, चिपचा सुटलेला सोल्डरचा टाका पुन्हा धरला. असेल. मीही स्वतःला तेच सांगून बघितलं. पण मग मी जयसिंगपूरला असताना तो कसा पळाला? आणि ते दूध?

ऋतुजा त्या दिवसापासून मला आई म्हणते, तूच म्हणते. मला हवं होतं ते मिळालं. पण पुण्याहून आली की दारातूनच "आई!" अशी हाक मारते, आणि 'ओ' देण्याआधी मी भिंतीवरच्या फोटोकडे बघून घेते... तीच 'ओ' देतेय का, म्हणून.