आमचं घर कोणत्या फसलीतलं?

मंडळी, हैदराबादेत जुन्या घराचे कागद कुणी काढलेत का? माझं डोकं आज पार चक्रावलंय.

सुलतान बाजारातल्या आमच्या घराच्या मूळ खरेदीखताची नक्कल हवी होती. इतकं जुनं ऑनलाइन दिसत नाही, म्हणून सकाळी रजिस्ट्रेशन ऑफिसात गेले. अर्जात वर्ष टाकलं १९४८. घरात सगळे म्हणतात, आजोबांनी घर पोलीस ॲक्शनच्या वर्षी घेतलं.

क्लार्कनी अर्ज परत दिला. तेव्हाची रजिस्टरं निजामाच्या फसली सालाप्रमाणे आहेत आणि ॲक्शननंतर थोड्याच दिवसांत, ऑक्टोबरात, नवं फसली साल लागलं होतं. "अम्मा, ॲक्शन के पहले लिए क्या बाद में?"

बाबांना फोन लावला. ते म्हणाले, "नंतरच असणार. विकणाऱ्यांना कराचीला जायची घाई होती."

हे मी आज पहिल्यांदा ऐकलं.

आता कुठलं रजिस्टर मागायचं ते कळलंय, तरी अर्ज पर्समध्येच आहे. त्या कागदावर विकणाऱ्यांचं नाव असणार. आमच्या घरात ते कधीच कुणी घेतलेलं नाही.

तुम्ही असता तर नक्कल काढली असती?