चिमाबाईने न सांगितलेलं

किन्हवलीच्या अलीकडच्या वळणावर चिमाबाईचं घर. रस्त्याला लागूनच, त्यामुळे कुणाची गाडी घसरली की आवाज आधी तिच्या ओटीवर यायचा. २००१ च्या उन्हाळ्यात असाच आवाज आला, आणि पडलेला तिचाच रत्नदीप निघाला.

मुरबाडच्या कंपनीतून मोटरसायकलवर घरी येत होता. खडीवर चाक सरकलं. ती पोचली तेव्हा तिचा नवरा बाळाराम पोराजवळ गुडघे टेकून बसला होता. रत्नदीप शुद्धीवर होता, पाय हलवत होता. "बाबा, मान लय दुखतेय," म्हणाला. पोराला मोकळा श्वास मिळावा म्हणून बाळारामने दोन्ही हातांनी हेल्मेट धरलं आणि जोर लावून ओढून काढलं. रत्नदीप किंचाळला. जीपमध्ये घातला तेव्हा त्याचे पाय लुळे पडले होते.

ठाण्याच्या इस्पितळात डॉक्टरांनी चिमाबाईला एकटीला गाठून सांगितलं. मानेचं हाड पडल्यावरच मोडलं असणार, पण हेल्मेट ओढल्याने आतली इजा वाढली असावी. खात्रीने सांगता येत नाही.

बाळाराम बाहेर बाकावर होता. "काय म्हनला डाक्टर?"

"मार जबर हाय म्हनला."

एवढंच ती बोलली. वॉर्डातल्या नर्सला मात्र तिने परत परत विचारलं, मग कसं काढायला हवं होतं? नर्सने तिला नीट करून दाखवलं. पावसाळा सरता सरता रत्नदीप गेला.

"हेल्मेट तरी मी लगेच काढला त्याचा," बाळाराम भेटायला येणाऱ्यांना सांगे. चिमाबाई चुलीकडे तोंड करून बसे.

पुढे काही वर्षांनी, भातकापणीच्या दिवसांत, त्याच वळणावर एक तरुण पडला. बाळाराम विळा टाकून धावला, खाली बसला आणि त्याने हेल्मेटला हात घातला.

"सोडा! वढू नका!" चिमाबाई ओरडली. "मान जाईल त्याची!"

बाळारामचे हात तिथेच थांबले. त्याने वर तिच्याकडे पाहिलं.

तरुणाला बोलता येत नव्हतं. हेल्मेटच्या आत रक्त भरलं होतं, श्वास घुसमटत होता. आता काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. "तुमी खालून धरा. येक हात मानेखाली, येक जबड्याला. हलू देऊ नका." तिने पट्टा सोडला, हेल्मेटच्या दोन्ही कडा बाहेर ताणल्या आणि नाकाला लागू न देता हळूहळू सरकवत काढलं. मग धावून आलेले दोघे धरून चौघांनी मिळून, मान सरळ ठेवून, त्याला कुशीवर वळवलं. रक्त बाहेर आलं. श्वास मोकळा झाला. गाडी येईपर्यंत बाळारामने हात काढले नाहीत. मान हलली नाही.

सांजेला तो ओटीवर बसला. "माज्यानंच गेला ना गो रत्नदीप?"

"नक्की कुनालाच ठावं नाय. डाक्टरला पन."

"तुला कदीपासून..."

"ठान्यापासून."

तो रागावला नाही. जेवलाही नाही.

दिवाळीनंतर तो तरुण, साईनाथ, बायकोला घेऊन पाया पडायला आला. बाळाराम मागल्या दाराने शेतावर निघून गेला. पाहुणे गेल्यावर परतला.

"बरा झाला का गो तो?"

"झाला."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि मग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्यासमोर हमसून रडला. चिमाबाई त्याच्याजवळ जाऊन बसली. गप्प राहा, असं तिने त्याला म्हटलं नाही.