नवसाच्या वेणीनं राखलेली शाळा

मी शाळेत गेले होते का, असं कुणी विचारलं की माझी जीभ आजही अडखळते. गेले म्हणावं तर सरकारी कागद खोटं पाडतो. नाही म्हणावं तर मला उर्दू वाचता येतं ते काय आभाळातून पडलं?

जिंतूरच्या अलीकडं आमचं गाव. निजामाची सरकारी शाळा चावडीत भरायची. फक्त पोरांची, शिकवणं उर्दूत, आणि शिकवायला एकटे मौलवीसाब. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत मानवतच्या कापसाच्या जिनिंगात मजुरी मिळायला लागली, तशी कितीतरी पोरं बापासंगं तिकडं गेली. माझा भाऊही गेला. उरलेल्यांतली दोन-चार घरं म्हणाली, आपल्या भाषेत शिकवीत न्हाईत तिथं पोरगं कशाला घालायचं? त्यांनी पोरं नातलगांकडं, मराठी शाळा असलेल्या गावी धाडली. आणि वरून हुकूम आला, की पट वीसच्या खाली गेला तर शाळेचा खर्च बंद, मास्तर दुसऱ्या गावाला.

एके दिवशी मौलवीसाब आमच्या दारात येऊन उभे राहिले. मायला म्हणाले, "बहन, लडका तो गया जिनिंगकू. उसकी जगा इसकू बिठाव." बोट माझ्याकडं.

"आवो, पोरगी हाय ती! केसं कापू का काय तिचे?" माय करवादली. मग तिला स्वतःलाच आठवलं. आमच्याकडं ज्या घरात लेकरं जगत नाहीत तिथं नवस बोलतात. नवसाच्या पोराचं नाक टोचतात, आणि नवस फिटेपर्यंत केसांना कात्री लावत नाहीत. वेणी घातलेला पोरगा बघून आमच्या भागात कुणी वळून बघत नसे. "नवसाचं हाय म्हणायचं," माय म्हणाली. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही म्हणतात. शाळेच्या पटाचं सोंग मात्र लय सोपं निघालं.

भावाचा सदरा, भावाची टोपी, भावाचं नाव. हजेरीत त्याचं नाव आलं की मी "हाजिर" म्हणायची. पहिले चार दिवस भ्याले, मग असं गोड लागलं की विचारू नका. घरी मायनं भावाचं नाव काढलं तरी मी "ओ" द्यायची अन् पाठीत धपाटा खायची. दीड वर्ष हे चाललं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. जी माणसं सरकारला अन् शाळेला शिव्या द्यायची, तीसुद्धा तोंडातून ब्र काढीत नव्हती. त्यांना शाळा पायजे होती का नको होती, ते मला कधीच उमगलं नाही. त्यांना तरी उमगलं होतं का, देव जाणे.

मग शाळा तपासायला नाझरसाहेब आले. त्यांनी मलाच उठवलं. मी धडा वाचला, न अडखळता, पार शेवटपर्यंत. साहेबांनी माझी वेणी हातात धरली. "ये क्या है?" मौलवीसाबांचा चेहरा पांढराफटक. कसंबसं म्हणाले, "मन्नत का बच्चा है, साब." साहेब हसायलाच लागले. "मेरी भी थी. दरगाह की चोटी. सात बरस का था तब उतरी."

शाळा राहिली. आणि साहेबांनी आणखी एक लिहिलं, की या हुशार मुलाला वजिफा, म्हणजे शिष्यवृत्ती द्यावी, परभणीच्या मोठ्या शाळेत, राहण्याजेवण्यासकट.

मी पळत घरी आले. पांघरायचा धडपा, पाटी, भावाचा दुसरा सदरा, सगळं एका फडक्यात बांधलं.

"कुठं निघालीस ग?" मायनं विचारलं.

"परभणीला."

"येडी का खुळी तू? तिथं पोरं ऱ्हातेत. भावाला निरोप धाडलाय, येतोय तो."

"त्याला अलिफ तरी येतो का?"

"मग शिकव की तू. आठ दिस हायेत."

मला असा संताप आला, असा संताप आला! पण शिकवलं. का शिकवलं ते मलाच सांगता येत नाही. तो पाटीवर बोट फिरवता फिरवता रडायचा. "मला जिनिंगातच बरं हाय. तूच जा ना," म्हणायचा. ज्याला जायचं नाही तो चाललाय, जिला जायचंय ती त्याला धाडायलीय. याला काय म्हणावं? मी मौलवीसाबांकडं गेले, म्हणाले, मी निदान इथंच बसते, कोपऱ्यात. त्यांनी हजेरीचं पान उघडून दाखवलं. "बेटी, नाम तो गया परभणीकू." खरंच होतं. आता बसायचं कुणाच्या नावावर?

तीन महिन्यांनी भावाचं पत्र आलं. उर्दूत. मी जात्यावर होते, हात पुसून लगबगीनं उठले. तेवढ्यात मायनं पत्र पदरात बांधलं अन् पायात वहाणा सरकवल्या.

"कुठं चाललीस?"

"मौलवीसाबाकडं. वाचून घ्याया नको का? आपल्या घरात कुणाला येतंय?"

थट्टा करायलीय का, म्हणून मी तिच्या तोंडाकडं बघितलं. ती थट्टा करीत नव्हती.