समुद्राला दिलेले दोन रुमाल

गणपतीआधीच्या साफसफाईची माझी यादी ठरलेली असते. दोन वर्षांपूर्वी तिच्यात अकरावं काम होतं: माळ्यावरचे मोडी कागद. वर 'श्री' लिहिलेला कागद आमच्याकडे कचऱ्यात जात नाही, समुद्राला देतात. कापडात बांधलेले तीन गठ्ठे, म्हणजे रुमाल, होते. दोन मी स्वतः मिरकरवाडा बंदरावर जाऊन पाण्यात सोडले. तिसरा पिशवीत मावेना, म्हणून राहिला.

त्याच वर्षी दिवाळीनंतर आमच्या वरच्या खोलीत एक जर्मन बाई भाड्याने आल्या. इतिहासाच्या निवृत्त प्राध्यापक, वय सत्तरीपुढचं. वडिलांची पिठाची गिरणी. समुद्र पहिल्यांदा पाहिला तोच विसाव्या वर्षी, पण पुढचं सगळं आयुष्य कोकणातल्या गलबतांना दिलं. त्यासाठी मराठी शिकल्या, मग मोडी. त्या निवृत्त झाल्या आणि त्यांचा विभागच बंद झाला. गलबतांचे तांडेल, म्हणजे कप्तान, स्वतः लिहीत असत, असं त्या पहिल्यापासून मांडत आल्या. सहकारी म्हणायचे, कागद दाखवा. तो कधी मिळाला नव्हता. शेवटच्या पुस्तकाचं एक प्रकरण त्यासाठी अडलं होतं.

जेवताना त्यांनी हे सांगितलं, तशा सासूबाई म्हणाल्या, "अगो, मग तो रुमाल दाखव की ह्यांना. माझे आजेसासरे तांडेलच होते."

"आई, त्यात काय असणार?"

"तुला वाचता येतं?"

मी उठून रुमाल आणला. बाईंनी हात धुऊन, पुसून गाठ सोडली आणि बोट ठेवून वाचू लागल्या. वारा कुठला, पाणी किती दिवसांचं उरलं, ताप कोणाला. आमच्याच घरातला माणूस आमच्या पडवीत बोलत होता, आणि त्याचं बोलणं आम्हाला कळत होतं ते परक्या मुलखातून आलेल्या बाईंमुळे.

पानाच्या तळाशी बोट थांबलं. "दस्तुर खुद्द," त्या हळूच म्हणाल्या. स्वतःच्या हातचं. त्यांनी चष्मा काढला.

"रडता कशाला बाई? वाईट लिवलाय काय काही?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही हो आजी." मग माझ्याकडे वळून, "असे आणखी होते?"

मी खरं ते सांगितलं. बोलणी खायची तयारी ठेवली होती. त्यांनी चष्मा परत लावला.

"केवढे जाड होते?"

मी अंगठा आणि बोट ताणून दाखवलं. त्यांनी पिशवीतून पट्टी काढली, वही उघडली.

"हात हलवू नका, ताई," त्या म्हणाल्या, आणि ते अंतर मोजून गेलेल्या रुमालांची नोंद लिहून घेऊ लागल्या.