दावं हातात दिलं

बीडमध्ये ऑफिस थाटून बसलेल्या एका एजंटाने माझ्या मुलीला फसवले. तिचे मूळ कागद त्याच्या हातात मी दिले. त्याच्यापर्यंत आम्हाला नेले सिरसाळ्यात क्लास चालवणाऱ्या तिच्या सरांनी. हे तिघे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला शोधत बसावे लागणार नाही.

मी शेळ्या-मेंढ्यांचा व्यापारी. बाप मेंढरांमागे फिरला, मी बाजारात उभा राहिलो. पहिली शेळी घेतली तेव्हा पायात चप्पल नव्हती. आज माझा स्वतःचा टेम्पो आहे. जनावर घेताना मी तोंड उघडून दात बघतो, चालवून बघतो, पोटाखाली हात घालतो, मगच किमतीचे बोलतो. आणि किमतीचे बोलणे रुमालाखाली. दोघांचे हात झाकायचे, बोटे धरून आकडा सांगायचा, जमले की विकणाऱ्याने जनावराच्या गळ्यातले दावं हातात द्यायचे. पावती नाही, सही नाही. दावं दिले की शब्द दिला.

मुलगी बारावी झाली. नीटच्या परीक्षेत पात्र ठरली, पण सरकारी कॉलेज मिळण्याइतके गुण नव्हते आणि इथल्या खासगीचे नाव काढण्यात अर्थ नव्हता. तिला डॉक्टरच व्हायचे होते. सर म्हणाले, "नेपाळात होतंय की. भाषा जवळची, जेवण आपल्यासारखं, व्हिसा लागत न्हाई. बीडला माझा माणूस हाय." आणि सर स्वतः आमच्याबरोबर बीडला आले. माझ्याच टेम्पोतून, पुढच्या सीटवर बसून.

एजंट आपल्याच भागातला निघाला. भिंतीवर बर्फाचे डोंगर, टेबलावर काठमांडूचा नकाशा. मला बघताच उठला. "या मामा. तुमी बाजारातली माणसं, तुमच्यासंगं कागदावर काय बोलायचं?" असे म्हणत त्याने खिशातला रुमाल काढून हातावर टाकला.

मला तिथेच कळायला पाहिजे होते. उलट माझी छाती फुगली. ऑफिसातला माणूस माझ्या पद्धतीने सौदा करतोय, म्हणून मी हात घातला. त्याने बोटे धरली, मी ढकलली. तो हळहळला, खाली आला, पुन्हा खाली आला. "मामा, लई ताणताय," म्हणाला. सर हसले. मी आणखी ताणले. पाऊण तास मी त्या माणसाला किमतीत खाली ओढत होतो आणि मनात म्हणत होतो, बघ बे, कुणाशी गाठ पडलीय.

मध्ये मुलगी हळूच बोलली, "आप्पा, तिथली प्रवेश परीक्षा असते म्हणे. ती विचारा ना."

"मोठी माणसं बोलत्यात ना? गप बस जरा," मी म्हणालो.

एजंट तिच्याकडे बघून हसला. "ताई, ती बाकीच्यांला. तुमची सीट मॅनेजमेंटची हाय. परीक्षा-बिरीक्षा काय न्हाई."

सौदा जमला. पैसे कॉलेजचे पत्र आल्यावर द्यायचे ठरले. त्याने फाइल मागितली आणि मी दिली. दहावी-बारावीचे मूळ गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, नीटचा निकाल, नवा कोरा पासपोर्ट. सगळे मूळ. पावती मागितली नाही. हातावर हात पडल्यावर पावती मागणे माझ्या धंद्यात अपमान असतो. बकरूसुद्धा दात बघितल्याशिवाय घेत नाही मी, आणि पोरीचे कॉलेज नुसत्या किमतीवर घेऊन आलो. परतीच्या वाटेवर सरांना चहा पाजला, भजी खाऊ घातली.

पुढे दर आठवड्याला फोन. "प्रोसेसमध्ये हाय, मामा." मग मोबाइलवर एक पत्र आले. कॉलेजचे नाव, गोल शिक्का, मुलीचे नाव. तिच्या आईने ते गल्लीभर दाखवले. मुलीने मात्र त्या पत्रावरचा नंबर सोडून कॉलेजच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा नंबर शोधला आणि फोन लावला. तिकडचा कारकून हिंदीत बोलला. असे पत्र आम्ही दिलेले नाही. बाहेरच्या देशातल्या मुलांनाही इथली परीक्षा द्यावीच लागते. फॉर्मची मुदत संपली, परीक्षाही झाली. माणूस भला होता. पुढच्या वर्षी या, पण कुणाच्या मार्फत येऊ नका, एवढेही सांगितले त्याने.

मुलगी रडली नाही. फोन ठेवून म्हणाली, "आप्पा, वर्ष गेलं. फाइल तरी आणू."

गेलो बीडला. मला वाटले होते कुलूप असेल. ऑफिस उघडे, पंखा चालू, समोर दुसरीच कुणाची तरी पोरगी आणि तिचा बाप बसलेला. एजंट मला बघून जागचा हलला नाही.

"फाइल दे," मी म्हणालो.

"फाइल तिकडं गेली मामा. आता काय इथं?"

"कुठं गेली? कुणाकडं?"

"सौदा झालाय. तुमच्या बाजारात दावं दिल्यावर माघारी मागत्यात का?"

माझ्याच बाजाराची रीत त्याने माझ्या तोंडावर फेकली. मी टेबलावरून त्याची कॉलर धरली. मुलीने माझे मनगट धरले नसते तर आज मी हे वेगळ्याच जागी बसून लिहिले असते. समोरचा बाप घाबरून उठला. त्याला मी म्हणालो, "भाऊ, मूळ कागद देऊ नको." तो आपली पोरगी घेऊन निघून गेला. त्या दिवसात माझ्या हातून घडलेले चांगले काम तेवढेच.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, कागद दिल्याची पावती आहे का? नाही. मग दुय्यम प्रती काढा म्हणाले. मुलीने अर्ज आणला. त्यात लिहायचे होते की कागद गहाळ झाले. तिने पेन खाली ठेवले. "हरवले न्हाईत आप्पा. दिलेत. खोटं कावून लिहू?" मी तिच्यावर ओरडलो, आणि ओरडताना मला माहीत होते की बरोबर ती आहे. तो अर्ज तसाच पडून आहे.

आता घरात भिंतीवर तिने एक कागद लावलाय. तिने स्वतः वाचून, फोन करून काढलेला. नीटची पात्रता हवीच. तिथल्या परीक्षेचा फॉर्म स्वतः भरायचा, तारीख स्वतः बघायची. कॉलेजला तिथे मान्यता आहे का आणि त्या पदवीवर इथे काम करता येईल का, हे आधी विचारायचे. मूळ कागद दाखवायचे, सोडायचे नाहीत. द्यावेच लागले तर कॉलेजच्या खिडकीवर, सही-शिक्क्याची पोच घेऊन. पैसे कॉलेजच्या खात्यात, माणसाच्या हातात नाही. वसतिगृहात राहणाऱ्या आपल्याकडच्या एखाद्या मुलीशी बोलायचे. यातली एकही गोष्ट अवघड नाही. शेळीचे दात बघण्याइतकी सोपी. मी मध्ये बोलू नको म्हणालो नसतो, तर तिने हे सगळे त्याच दिवशी विचारले असते.

माझी चूक मी मांडली. आता सरांचे.

नेपाळच्या परीक्षेचे फॉर्म थोड्या दिवसांत पुन्हा सुटणार. फाइल आली नाही तर पोरीचे दुसरे वर्ष जाणार. मी सरांच्या क्लासवर गेलो. खडू हातात घेऊन दारात आले आणि म्हणाले, "माझा काय संबंध? मी नुसती ओळख करून दिली." आत वर्गातली पोरे बघत होती. त्यांचेही बाप विचारत असतील, कुठे पाठवावे म्हणून.

सर, तुम्ही माझ्या बाजाराची रीत अर्धीच बघितली. रुमाल बघितला, हसलात. उरलेली मी सांगतो. सौद्यात जो मध्ये उभा राहतो, त्याचा संबंध असतो. जनावर आजारी निघाले तर घेणारा विकणाऱ्याकडे जात नाही, मधल्या माणसाच्या दारात आणून बांधतो, आणि मधला माणूस निस्तरतो. नाही निस्तरले तर त्याला पुढच्या बाजारात कुणी हातावर हात देत नाही. तुम्ही माझ्या टेम्पोत पुढच्या सीटवर बसून आलात. "माझा माणूस" हे शब्द तुमचे होते. मग आणा तुमच्या माणसाकडून फाइल. नाही आणत, तर वर्गातल्या पोरांसमोर उभे राहून सांगा की त्या ऑफिसात तुमचे काय अडकले आहे. माझ्याशी बोलू नका. पोरगी रोज तुमच्या क्लासवरूनच जाते, तिला थांबवा आणि तिला उत्तर द्या.