चार झटक्यांचा दोर

अकरा वर्षं सरकारी आरमाराच्या गोदीत पाण्याखाली काढून मी नोकरी सोडायला निघालो, तेव्हा सगळ्यांना सांगितलं की घरचं बघायला कोणी नाही. थाप होती ती. मला भीती वाटायला लागली होती, हे खरं कारण. आता या वयात लपवून काय करायचंय?

मी पाणबुड्यांच्या टोळीचा टिंडेल होतो, म्हणजे मुकादमच म्हणा. अंगात रबरी कापडाचा पोशाख, डोक्यावर तांब्याचा टोप, पायात शिशाचे बूट. वर मचव्यावर दोन माणसं हातानं पंप फिरवत, तेव्हा कुठं खाली श्वास मिळे. लढाऊ जहाजांचे तळ तपासायचे, हरवलेले नांगर शोधायचे, पंख्यात अडकलेले दोर कापायचे. एकदा पूर्वेकडे निघालेली विलायती पाणबुडी गोदीत आली होती, तिच्या पंख्यातली साखळीसुद्धा मीच सोडवली. आख्खी बोटच बुडी मारते, हे ऐकून आमच्या गावी, दिवेआगरात, पारावरची मंडळी मला दोन वेळा चहा पाजत. एकदा सांगितल्याबद्दल आणि एकदा पुन्हा सांगण्यासाठी.

खाली गेल्यावर बोलणं नाही. कमरेला दोर, तेवढंच काय ते. एक झटका म्हणजे ठीक आहे, आणि वरच्यानं एक झटका देऊन लगेच उत्तर द्यायचं. चार झटके म्हणजे वर ओढा. चार आले की का आणि कशाला विचारायचं नाही, हातातलं टाकायचं आणि ओढायचं.

एके दिवशी माझी हवेची नळी जहाज आणि धक्का यांच्यामधे चेपली. मी चार झटके दिले. उत्तर नाही. पुन्हा चार दिले. दोर धरणारा मचव्यावर कोणाशी तरी गप्पा मारत होता. किती वेळ गेला देव जाणे, मला विचाराल तर जन्म गेला. ओढून काढलं मला, जगलो. पण त्यानंतर टोपाचे स्क्रू आवळायला लागले की मी ओरडून ते पुन्हा सोडायला लावी. साहेब माणूस बरा होता. म्हणाला, गावी जा, शिमग्यापर्यंत रजा. तेव्हा ये, नाहीतर नाव कापतो.

म्हणजे शिमग्याच्या आत जमिनीवर पोटापाण्याचं काही जमलं तर सुटलो, नाहीतर पुन्हा तोच टोप. गावात येऊन पाहतो तर पाणबुड्याला जमिनीवर काम काय असणार? कोणी म्हणालं, नारळ काढशील का? कोणी म्हणालं, विहिरीतला गाळ काढ. विहिरीचं नाव काढलं आणि मी तिथून काढता पाय घेतला.

तेवढ्यात समुद्राकडच्या वाडीतल्या काकूंनी बोलावलं. काकू विधवा, मुलगे मुंबईस मास्तरकीत आणि कचेरीत. नारळीपोफळीची मोठी वाडी त्या एकट्या बघत. त्यांचा रहाट ओढणारा रेडा म्हातारा होऊन मेला, आणि मुलांनी नवा रेडा घ्यायचं सोडून तेलावर चालणारं इंजिन आणि पंप पाठवून दिला. इंजिन पडवीत, त्याच्याभोवती रांगोळी, आणि चालवणारा कोणी नाही.

"टिंडेला, तुला यंत्रातलं कळतं ना? शिमग्यापर्यंत बघू," त्या म्हणाल्या.

बघू! आमच्याकडे, म्हणजे गोदीत, हुकूम मिळाला की तो मोठ्यानं परत म्हणून दाखवायचा आणि मग करायचा. मी सवयीनं ताठ उभा राहून म्हणालो, "शिमग्यापर्यंत बघू!" काकू चमकल्या आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या. आतून बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता.

इंजिन विहिरीशेजारी बसवलं, भोवती झापांची खोपी केली. पहिल्याच दिवशी फजिती झाली. रहाटाचं पाणी पोहऱ्यापोहऱ्यानं यायचं. हे आलं धबाधबा, पाट फुटले, दोन केळी मुळासकट आडव्या झाल्या. वाडीच्या पार टोकाला पाणी फिरवणारा म्हातारा गडी होता. चाळीस वर्षं तो कुदळीनं पाट उघडत नि बुजवत आला होता. तो ओरडून ओरडून दमला. पण इंजिनाच्या धडधडीत मला काय ऐकू येणार, कपाळ!

तेव्हा मी माझी विद्या काढली. चांगला लांब सुंभाचा दोर घेतला, पोफळींना कड्या अडकवून त्यातून तो वाडीच्या टोकापर्यंत नेला. एक टोक माझ्या मनगटाला, दुसरं म्हाताऱ्याच्या हातात. एक झटका, आळं भरलं, पाणी कमी कर. दोन झटके, सोड. चार झटके, संकट, सगळं बंद.

"वाडीत कसलं संकट येतंय रं?" म्हातारा म्हणाला.

"चार म्हणजे संकट. विचारायचं नाही."

"बरं बाबा, न्हाय इचारीत."

आणि काय सांगू, झकास चाललं! त्यानं झटका दिला की मी उलट एक झटका देई. त्याला आधी ते खुळ्यासारखं वाटे. मग त्याला त्याची गोडी लागली, उगाचच अधूनमधून दोर हळूच हलवून माझं उत्तर येतं का बघायचा. पाट फुटेनात, पोफळी हिरव्यागार. मी खूष होतो. वर आभाळ, नाकानं आपली आपण हवा. काकू मात्र ठेवलं असंही म्हणेनात आणि जा असंही म्हणेनात. शिमगा आठ दिवसांवर आला.

त्या दिवशी दहाच्या सुमाराला मनगटाला झटका बसला. मग दुसरा. तिसरा. चौथा.

मी विचार केला नाही. इंजिनाचं तेल तोडलं आणि दोर ओढायला लागलो. अकरा वर्षांचे हात, ते काय ऐकतात! जीव खाऊन ओढला. दोर जड लागला, म्हणजे खाली माणूस आहे, अशीच माझी समजूत. तोंडानं ओरडत होतो, "आलो, आलो!" आणि झापांच्या कुडावरून धपकन माझ्या अंगावर काय पडलं? ओलंचिंब लाल लुगडं. माझ्या तेलकट हातात, तेलाच्या डबक्यात, काकूंचं सोवळं!

झालं होतं असं. सोवळं वाळत घालायची त्यांची उंच बांबूची दांडी सकाळीच वाळवीनं मोडली. खोपीला लागूनच, मागल्या दाराशी माझा दोर उंचावर, कोणाचा हात न लागणारा, छान ताणलेला. सुंभाला विटाळ नाही असं त्यांनी स्वतःच ठरवलं आणि काठीनं लुगडं वर टाकून, काठीनंच चार वेळा खेचून सरळ केलं.

काकू काठी हातात घेऊन तशाच उभ्या. "अरे मेल्या! शिवलास ना सोवळ्याला!"

आणि तिकडून म्हातारा आला, नखशिखांत चिखल. मला दाखवायला की काय, त्यानं त्या दिवशी दोर हातात न धरता माझ्या गोष्टीतल्यासारखा कमरेला बांधला होता. "येडा झाला काय रं? जिता मानूस हाय मी, ओंडका न्हाय!"

मी माफी मागायला हवी होती. पण माझं डोकंच फिरलं. "चार झटके दिलेत तुम्ही!" मी काकूंवर ओरडलो. "चार म्हणजे खाली माणूस मरतोय! खेळ वाटला का? मी चार दिले तेव्हा वरचा गप्पा मारत होता, ठाऊक आहे?" आणि मग नळी चेपल्याची सगळी हकीकत, जी मी बायकोलासुद्धा सांगितली नव्हती, ती हातात सोवळं धरून रडत रडत सांगितली. लुगडं तिथंच ठेवून मी घरी आलो.

बायकोला म्हटलं, संपलं, ट्रंक भर. सोवळं बाटवलं, वर मालकिणीवर ओरडलो, आता कोण ठेवतंय? तिनं कपड्यांच्या घड्या केल्या, वाटेसाठी लाडू बांधले. तिचा चेहरा बघवेना. परवा दिघीहून आगबोट होती.

सकाळी खोपीची चावी परत द्यायला गेलो. मागल्या दारी म्हातारा खड्डा खणत होता. एक नवा बांबू उभा झाला होता, दुसरा आडवा पडला होता.

"काय करतोस?"

"सोवळ्याची दांडी. तुज्या दोरापासनं लांब बांद, म्हनाली काकू."

मी चावी हातात धरून उभा. काकू बाहेर आल्या. "उशीर केलास. केळी माना टाकायला लागल्यात. इंजिन लाव."

"काकू, सरळ सांगा. मला ठेवलंय की नाही?"

"मग काय तुला कागदावर लिहून हवंय? जा म्हणायचं असतं तर कालच म्हटलं नसतं का? माझं तोंड काय शिवलंय?" आणि वळताना म्हणाल्या, "आणि त्या दोरावर आता कोणी काही टाकणार नाही. मी सांगितलंय सगळ्यांना."

माझ्या छातीवरचं काय उतरलं म्हणून सांगू! खोपीत जाऊन आधी पोटभर रडलो, मग इंजिन लावलं. पुढं आणखी तीन वाड्यांत मीच इंजिनं बसवली. पण त्या दिवसाइतकं हलकं मला पुन्हा कधी वाटलं नाही.

दुपारी घरी येऊन साहेबाला पत्र लिहिलं, नाव कापा. तेवढ्यात पोस्टमन वाटेवर दिसला. मी हाक मारणार तोच बायको माझ्याआधी अंगणात धावली, "अहो पोस्टमनदादा, या, ताक घेऊन जा!" तो बिचारा गोंधळून बसला. ताक पिऊन, पत्र घेऊन तो गेल्यावर मी विचारलं, आज एवढं आगतस्वागत?

ती भांडं विसळत होती. म्हणाली, "अकरा वर्षं तो आळीत दिसला की मी गोठ्यामागं जाऊन उभी राहायची. तुमची काही बातमी असली तर तेवढीच जरा उशिरा कळेल म्हणून. त्याला वाटायचं, या घरात दिवसा कोणी नसतंच."