हललेल्या घराची नोंद

अविनाशचा फोन आला तेव्हा मी मिरचीच्या पथारीवर उभी होते. नंदुरबारच्या बाहेर हिवाळाभर मिरची वाळत घालतात, वावरंच्या वावरं लाल होतात. वर्षाची मिरची घ्यायला मी दरवर्षी स्वतः जाते, दुकानातल्या मिरचीवर माझा काडीचाही विश्वास नाही. अविनाश हा आप्पाचा, म्हणजे माझ्या मोठ्या चुलतभावाचा मुलगा. "आत्या, आप्पा गेले... सकाळी चहा घेता घेता," एवढंच तो बोलला. मी मिरची तशीच टाकून रिक्षात बसले. अशा वेळी रडू यावं, पण मला आठवली ती भलतीच गोष्ट. काही वर्षांपूर्वी अशाच हिवाळ्यात याच पथारीवरून आप्पाने मला फोन केला होता. "कमल, तुन्हा नंदुरबारमा नवी इमारत झायी. भलती मोठी शे, पुरी लाल!" कुठे, म्हणून मी विचारलं, तर गडी शिंकतच सुटला. झालं होतं असं, की देशाच्या नव्या डिजिटल नकाशासाठी ड्रोनने वरून फोटो काढले होते आणि कुठल्याशा दूरच्या कचेरीतला संगणक त्या फोटोंवरून घरांची छपरं आपोआप आखत होता. वाळत घातलेली मिरची बघून त्याला वाटलं, हे कौलारू छप्पर! आप्पाला प्रत्यक्ष जागेवर जाऊन खातरजमा करायला पाठवलं होतं.

दुसरा कोणी असता तर यंत्राला चार शिव्या हासडून चूक दुरुस्त करून मोकळा झाला असता. आप्पाला मात्र यंत्राला असं का वाटलं असेल, याचंच कुतूहल. संध्याकाळी तो एक कौल आणि पिशवीभर मिरची घेऊन माझ्या गच्चीवर आला, दोन्ही शेजारी मांडली आणि पासष्टी ओलांडलेला तो माणूस वरून कसं दिसतं ते बघायला पाण्याच्या टाकीवर चढला. खालून सुमनवहिनी ओरडत होती, "उतरा खाले, हाडं मोडतीन!" आणि हा वरून सांगतोय, यंत्राचं काही फारसं चुकलं नाही.

धानोऱ्यात, आमच्या गावी, लहानपणी त्याला सगळे 'काबरआप्पा' म्हणायचे. आमच्या अहिराणीत काबर म्हणजे का. विहिरीचं पाणी हिवाळ्यात कोमट काबर, पारावरची सावली दुपारी आखडते काबर... आमचे काका वैतागून म्हणायचे, "याले उत्तर देत बसापेक्षा एक बैल जास्त पाळना परवडस." पुढे तो केंद्राच्या नकाशाखात्यात लागला आणि देशभर फिरला. त्याच्या उमेदीच्या काळात नकाशा म्हणजे कागद. डोंगर पायी चढायचे, दुर्बिणीतून कोन घ्यायचे, आणि एकदा छापलेला कागद पुढे कैक वर्षं तसाच चालायचा. निवृत्त होऊन नंदुरबारला घर बांधलं तोवर सगळं पालटलं होतं. नकाशा थरांचा झाला होता, पोळ्यांची चळत असते तसा: रस्त्यांचा एक थर, नद्यांचा एक, घरांचा एक, हवा तो उचलून बघा. जिल्ह्यातल्या पडताळणीसाठी जाणता माणूस हवा होता, म्हणून याला परत बोलावलं, आणि हा नव्या नवरीसारखा हरखला. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, भिंतीवरच्या नकाशावर छडी आपटली, पण नकाशा होतो कसा ते कधी पाहिलं नव्हतं. वहिनीचे गुडघे दुखायचे, म्हणून त्याच्या जीपमध्ये बसून मीच जायला लागले.

धडगावच्या पलीकडच्या एका पाड्यावर आम्ही पहिल्यांदा गेलो ते अशाच पडताळणीला. सातपुड्यात घराला घर लागून नसतं, एक या टेकडीवर तर दुसरं त्या. फोटोत मोहाच्या झाडाजवळ एक छप्पर स्पष्ट दिसत होतं. जागेवर बघतो तर घर नाही! खांबांचे खड्डे, चुलीची काळी माती आणि वर मोह. अंगणवाडीच्या मीराताई सोबत होत्या, त्यांनी समोरच्या टेकडीकडे बोट केलं. घर तिकडे होतं. ते सुकीबाईचं. फोटो काढल्यानंतर पावसाळ्यात तिचा नवरा वारला. घरात माणूस गेला की तिथे घर हलवायची रीत, म्हणून तिने मुलांच्या मदतीने घर उतरवलं, खांब, वासे, कौलं, दार, सगळं खांद्यावर वाहून पलीकडे नेलं आणि पुन्हा उभं केलं. सुकीबाई पावरीत बोलायची, मीराताई आम्हाला मराठीत सांगायच्या. आप्पाने मग तिला जे प्रश्न विचारलेत! आधी काय उतरवतात, नवी जागा कशी ठरवतात, मोहाची परवानगी कोण मागतं... ती हसत हसत सांगत होती. जागेवर रात्रभर ज्वारीचे दाणे ठेवायचे, सकाळी जसेच्या तसे असले तर जागा चांगली. "ती म्हणते, तुम्ही इतकं विचारता, तुम्हालाही घर हलवायचंय का?" मीराताई म्हणाल्या. आप्पा तिथेच दगडावर बसून मनापासून हसला.

पण कचेरीचा नियम साधा होता. फोटोत आहे आणि जागेवर नाही, ते घर खोडायचं. जागेवर आहे आणि फोटोत नाही, त्याने पुढच्या उड्डाणाची वाट बघायची, आणि पुढचं उड्डाण कधी ते कोणालाच ठाऊक नाही. म्हणजे सुकीबाईचं घर दोन्हीकडून जात होतं. आणि पाड्यावर विजेचे खांब या नकाशावरूनच येणार होते. नकाशात घर नाही, तर तिच्या दारात दिवा नाही. मी परतताना म्हणाले, "आप्पा, ऱ्हावू दे ना जुनीच खूण. कोन देखाले येवाव शे तठे?" तो भडकला. एरवी न चिडणारा माणूस! "ती देखी ना! तिले आपलं घर दुसराच जागावर दिसी, मंग बाकीनं खरं कसं मानी ती?" मग मीही घुश्श्यात धडगावपर्यंत जीपबाहेर बघत बसले.

त्यानंतर वर्षभर त्याने कचेरीच्या मागे लकडा लावला. त्याचं म्हणणं दोन गोष्टींचं होतं. एक, त्या पाड्यावरून ड्रोन पुन्हा उडवा. दुसरी, घरांच्या माहितीत हललेल्या घराला एक रकाना करा: घर तेच, जुनी जागा ही, नवी जागा ती. पहिल्या गोष्टीला टाळाटाळ झाली, दुसरीला तर लोक हसले. घर कुठे हलतं का, साहेब! त्यातच त्याच्या छातीत दुखायला लागलं, डॉक्टरांनी चढ चढू नका म्हणून बजावलं. मी त्याला वाट्टेल ते बोलले. एका घरापायी जीव घालवशील, म्हणाले. आज ते शब्द आठवले की जीभ झडावीशी वाटते. त्याने मात्र शांतपणे विचारलं, "एक घरले देश म्हनाव नही का मंग?"

शेवटी कचेरी कंटाळली आणि ड्रोन पुन्हा आलं. उड्डाणाआधी लोकांनी आपापल्या घराभोवती चुन्याची रेघ मारायची असते, म्हणजे वरून हद्द दिसते. आप्पा डॉक्टरांचं न ऐकता वर चढला, दर थोड्या वेळाने दम खात, आणि मी त्याच्यामागे बडबडत. सुकीबाईने नव्या घराभोवती छान रेघ मारली होती. आणि पलीकडे मोहाखाली, जिथे काहीच नव्हतं, तिथेही चुन्याचा चौकोन! ड्रोनवाला म्हणाला, हे पुसायला सांगा, घोळ होईल. मीराताईंनी सुकीबाईला विचारलं. ती बोलली ते त्यांनी सांगितलं: "ती म्हणते, तिचा नवरा वाटेने परत येतो, जुन्या दाराशी थांबतो. ती जागा त्याची आहे. ती कशी पुसणार?"

आप्पा काहीतरी विचारेल म्हणून मी त्याच्याकडे पाहिलं. जन्मभर काबर काबर करणारा माणूस... त्याने काही विचारलं नाही. चौकोन पुसू दिला नाही, एवढंच. सुकीबाईचं घर नकाशात आलं, पुढे तिच्या दारात खांबही आला. मोहाखालचा चौकोन मात्र 'मोकळी जागा' म्हणून गेला, त्याला दुसरं नाव नव्हतं. उतरताना आप्पा म्हणाला, "पुरा देशना नकाशा करतस आपन, अन् हालेल घरले रकाना नही." तो रकाना पुढे झाला का, मला माहीत नाही. आता मीच विचारायला जाणार आहे, आणि मला कचेरीतून सहजासहजी कोणी बाहेर काढू शकत नाही.

आप्पाला जाऊन काही आठवडे झाले असतील, मीराताईंचा फोन आला. बातमी पाड्यावर उशिरा पोचली होती. सुकीबाईने विचारलं होतं, साहेबांच्या बायकोने घर कुठे हलवलं? मी फोन ठेवून तशीच वहिनीकडे गेले. तिथे अविनाश पेटी भरत बसलेला. आईला तो पुण्याला नेणार होता, घर भाड्याने द्यायचं ठरत आलं होतं, आणि वहिनी सगळ्याला मान डोलावत होती. सुकीबाईचा प्रश्न मी सांगितला. ऐकून ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. दाराकडे बघत म्हणाली, "अविनाश, पेटी रिकामी कर." आणि माझ्याकडे वळून, "तिले सांग कमल, तुन्हा मानूस मोहखाले थांबस, त्याले ती जागा शे. मन्हा मानूसले हाईच एक ठिकान ठाव शे. मी हालनी तं तो कोठे येई?"

अविनाशने पेटी रिकामी केली. मी तिथूनच मीराताईंना फोन लावला, त्या सुकीबाईच्याच अंगणात होत्या. वहिनीचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. पलीकडे दोघींचं काहीतरी पावरीत चाललं, मग मीराताई म्हणाल्या, "ती म्हणते, बरोबर आहे. मग दार लावत जाऊ नका."

आता दिवसभर ते दार उघडंच असतं. मी चारच्या सुमाराला जाते, चपला काढते. आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज एकदम थांबतो. वहिनी विचारते, "कोन शे?"